चहातलं औषध
सदर : सिस्टर, एक विचारू का?

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. हिंजवडीला नोकरी होती, ती सुटली. दोन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून तो गोळी घेत नाही. म्हणून गेले आठ महिने मी रिस्पेरिडोनचे थेंब सकाळच्या चहात घालते. फरक पडला होता. पण गेल्या आठवड्यात ‘चहाला वास येतो’ म्हणाला आणि आता स्वतःचा चहा स्वतः करतो. वरणात घालू का? त्याला खरं सांगितलं तर तो मला कायमचा तुटेल, अशी भीती वाटते. – एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रात्री तीन वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारं आपलं पोर कुठल्याच आईला बघवत नाही. म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण वरणात घालू नका. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. पुरुष वॉर्डात एक मास्तर दाखल होते. आपल्याला विष घालतात, हा त्यांचा ठाम समज. गोळी गालात धरून ठेवायचे आणि मोरीत थुंकायचे. शिऱ्यात कुटून द्या, अशी वरून सूचना आली. मी दिली. चौथ्या दिवशी त्यांना शिऱ्यात पांढरा कण दिसला. तो बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी माझ्यासमोर धरला. बोलले काहीच नाहीत. पुढचे अकरा दिवस त्यांनी आमच्या हातचं शिजवलेलं काही खाल्लं नाही. केळं आणि उकडलेलं अंडं, बस. दोन्ही स्वतःच्या हाताने सोलता येतात. विषाची भीती वाटणाऱ्या माणसाला मी पुरावाच नेऊन दिला होता.

बाराव्या दिवशी त्यांच्या कॉटशी स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, “मास्तर, शिऱ्यात गोळी मीच घातली होती. पुन्हा घालणार नाही.” ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मग रोज मी बंद पाकीट त्यांच्या हातात द्यायची. ते नाव वाचायचे, तारीख वाचायचे, परत द्यायचे. जवळजवळ महिन्याने त्यांनी स्वतः गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या मागितला.

चहाचं आणखी एक. रिस्पेरिडोनचं द्रव औषध चहात किंवा कोलात मिसळू नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. पाणी, कॉफी चालते. म्हणजे आठ महिने पोरगा नक्की किती औषध घेत होता, हे तुम्हाला, मला आणि डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. अर्धा कप ठेवला तर अर्धा डोस गेला. तो कप चुकून घरातल्या दुसऱ्या कुणी प्यायला आणि त्याची मान वाकडी झाली, डोळे वर चढले, जबडा आवळला, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना कारण कसं कळणार? इंजेक्शनने हे सुटतं, पण तोवर घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो.

आता करायचं काय? चहा तो स्वतः करायला लागला म्हणजे औषध बंदच झालं आहे. अचानक बंद झालं की आजार उलटण्याची भीती असते, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना एकट्या भेटा आणि आठ महिन्यांचं सगळं सांगा. लाजू नका. त्यांनी हे शंभर घरांतून ऐकलेलं असतं. मुलाला कधी आणि कुणासमोर सांगायचं, ते त्यांच्याबरोबर ठरवा. सांगताना ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे वाक्य गिळून टाका. ‘मी चहात औषध घालत होते, ते चुकलं, आता घालणार नाही’, एवढंच पुरे. तो चिडेल. चार दिवस जेवणाचं ताट उचलणारही नाही कदाचित. त्याला स्वतःचा चहा, स्वतःचा भात करू द्या. गॅसपाशी उभं राहून बघत बसू नका.

आणि त्याला एकदा तरी विचारा, की गोळीने तुला काय होत होतं? ‘मला काही झालेलं नाही’ हा हट्ट नव्हे. आपण आजारी आहोत हे न कळणं हा पुष्कळदा त्या आजाराचाच भाग असतो, वाद घालून ते कळत नाही. पण गोळी नको म्हणण्याची दुसरीही कारणं असतात. वजन वाढतं, दिवसभर झापड येते. काहींचे पाय एका जागी ठरत नाहीत, आतून कुणीतरी उठवतंय असं होतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला, असतो तो औषधाचा त्रास. डोस कमी करून, औषध बदलून यावर पुष्कळ करता येतं. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनंही आहेत. रोजच्या गोळीची कटकट नको म्हणून काही मुलं ती आपणहून निवडतात. निवडतात, हे महत्त्वाचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचार समजावून सांगून संमती घेणं त्यात रुग्णाचा हक्क आहे. आपल्या वतीने बोलायला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायचाही हक्क आहे. उद्या तो बरा असताना विचारा, तुझ्या वतीने मी बोललेलं चालेल का? तो मावशीचं नाव घेईल, मित्राचं घेईल. घेऊ द्या.

तो जिवाचं बरंवाईट करायचं बोलू लागला किंवा कुणावर धावून गेला, तर मात्र थांबायचं नाही. ससूनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने न्या. रात्री काही सुचेनासं झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग आहे. एका आजींनी विचारलं, ‘भिंतीतून बाई बोलते, तुला ऐकू येते का?’ मी घाबरून ‘हो’ म्हटलं. चुकलं का? – विद्यार्थिनी, कसबा पेठ

उत्तर : बाळा, उद्या जाऊन दुरुस्त कर. ‘आजी, मला ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतंय आणि त्याने तुम्ही घाबरता, हे दिसतंय मला.’ हो म्हणू नकोस आणि ‘असं काही नसतं’ असंही म्हणू नकोस. मग विचार, ती काय सांगते? ती बाई ‘जेवू नकोस’, ‘खिडकीतून उडी मार’ असं सांगत असेल, तर तासाभराने नाही, लगेच वॉर्ड सिस्टरला सांगायचं आणि लिहून ठेवायचं. बोलताना आजींच्या अगदी समोर नको, थोडी तिरकी बस, खुर्चीवर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर. उभ्याने बोललीस तर त्या भिंतीकडेच बघत राहतील.

प्रश्न : धाकट्या भावाला बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य येणारा आजार) आहे, चार वर्षं लिथियम चालू, तब्येत छान. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्यापासून पंढरपूरपर्यंत चालायचं म्हणतो. आईचा जीव खालीवर होतोय. पाठवावं का? – हडपसर

उत्तर : डॉक्टर हो म्हणाले तर पाठवा, माझंही मन हो म्हणतं. पण तयारीने.

लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, दीडच्या वर गेली की विषासारखी बाधते. घामाने पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाटाची चढण. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, एकादशीलाही पाणी आणि मीठ सोडायचं नाही. जुलाब झाले तर ओआरएस सुरू करून लगेच पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे जायचं. सगळ्यात मोठा धोका पाय दुखल्यावर शेजारचा वारकरी प्रेमाने देतो त्या गोळीचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं, तेच पिशवीत ठेवा.

रात्रीचं भजन, जागर हा वारीचा प्राण, मला ठाऊक आहे. पण सलग दोन रात्री झोप मोडली तर त्याला उन्माद उसळू शकतो. दिंडीप्रमुखांना आधीच भेटून सांगा, की हा दहाला राहुटीत झोपेल. सोबत घरचं एक माणूस हवं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, बोलणं जड झालं, चालताना झोक गेला, तर पुढची गोळी न देता सरळ दवाखाना. खिशात चिठ्ठी ठेवा, ‘लिथियम चालू’ आणि डोस लिहून. निघण्याआधी आणि परतल्यावर रक्त तपासून घ्या, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी.