आखाड्याचा कट्टा: जपानी म्हातारा, मुगा आणि आपले दंड-बैठका

प्रश्न: वस्ताद, मी सिडकोत राहतो. लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून सिन्नरकडच्या जत्रेत फड बघितलेत. आता पोरगा मोबाईलवर जपानी रेसलिंग बघत बसतो, परवा म्हणाला पप्पा हे बघा, तात्सुमी फुजिनामी, यानं जुन्या कॅच रेसलिंगच्या मानासाठी मुगा नावाचे दौरे काढले होते. मला सगळं टीव्हीवरचं ढोंगच वाटतं. कॅच म्हंजे नेमकं काय आणि हे मुगा काय, मूग-मटकीपैकी नाही ना? (एक वाचक, सिडको)

उत्तर: दादा, मूग नाही हो. मुगा म्हंजे जपानी बौद्धांचा शब्द आहे, ज्याला आपण अनात्म म्हणतो ना तोच, "मी"पणा नसणं. तुमच्या सिडकोहून पांडवलेणी दिसतात, तिथं राहणारे भिक्खू ज्या गोष्टीवर चिंतन करत बसायचे ती गोष्ट एका पैलवानानं दौऱ्याला नाव म्हणून दिली, मला तर ऐकूनच मजा वाटली. फुजिनामीनं हे १९९५ साली न्यू जपान प्रो रेसलिंग या कंपनीत असतानाच सुरू केलं. डोकं असं होतं की खुर्च्या, रक्त, आरडाओरडा बाजूला ठेवा आणि दोन माणसं पकडीला पकड लावून काय करतात ते दाखवा.

ढोंगाचं विचारलंत तर खरं सांगतो, प्रो रेसलिंग आहे, निकाल आधी ठरलेला असतो, मुगातही. आपल्या भाषेत नुरा. पण नुरा कुस्तीतही पकड खोटी लावली की जाणकाराला लगेच कळतं, आपल्याकडं फडाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं नाही का म्हणत, "अरे सोडून दिला की रे मुद्दाम." फुजिनामीला ती पकड खरी दिसायला हवी होती आणि ती खरी दिसते कारण ती खरी शिकलेली आहे.

आता कॅच. इंग्लंडच्या लँकशायर भागातली कुस्ती, कोळशाच्या खाणीतली आणि गिरणीतली माणसं खेळायची. विगन गावात बिली रायलीची तालीम होती, तिला स्नेक पिट म्हणायचे, सापांचा खड्डाच. दोन्ही खांदे टेकले की हरला, इथपर्यंत आपल्यासारखंच. पण त्यात अजून एक होतं, हात-पाय असा अडकवायचा की समोरच्यानं स्वतःच "बास" म्हणावं. म्हणून खालची कुस्ती तिथं आरामाची नाही. आपला गडी खाली गेला की पोटावर पडून माती धरतो आणि वेळ काढतो, कॅचमध्ये तसा पडलास तर हात गेलाच समज.

तिथं तयार झालेला कार्ल गोच, १९२४ साली अँटवर्पला जन्मलेला, बेल्जियमकडून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला उतरलेला. तेच ऑलिंपिक हं, जिथं आपले खाशाबा जाधव सहावे आले होते! (चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं आणि त्या गटातलं सोनं जपानच्या शोहाची इशीनं नेलं, म्हंजे जपानशी आपली गाठ जुनीच.) हा गोच पुढं जपानला गेला, तिथली माणसं त्याला कुस्तीचा देव म्हणायला लागली, ६ मार्च १९७२ ला न्यू जपानच्या पहिल्याच शोमध्ये त्यानं संस्थापक अंतोनियो इनोकीलाच हरवलं. फुजिनामी त्याचाच चेला.

आणि गोचचा व्यायाम काय होता माहितेय? आपले दंड आणि बैठका. इंग्रजीत त्यांना आजही हिंदू पुशअप, हिंदू स्क्वॉट म्हणतात. पत्त्यांचा कॅट पिसायचा, लाल निघाला तर दंड, काळा निघाला तर बैठका, पत्त्यावर आकडा असेल तेवढे. आम्ही इथं गंगापूर रोडला चार जणांनी करून बघितलं, चित्राला दहा आणि एक्क्याला अकरा धरले, म्हंजे कॅट संपेपर्यंत १९० दंड आणि १९० बैठका. अर्ध्यावरच घामानं पत्ते एकमेकांना चिकटले, एकदा सलग तीन बदामाचे निघाले आणि आमच्यातला एक जण पाणी पिऊन येतो म्हणाला तो आलाच नाही. आपली गोष्ट गोचच्या हातून टोकियोला जाऊन आपल्याकडं यूट्यूबवर परत आली, गंमतच आहे.

प्रश्न: वस्ताद, मी रोज मातीत उतरतो. कॅचमधले लॉक जत्रेच्या कुस्तीत चालतील का? व्हिडिओ बघून शिकलो तर? (पंचवटीचा एक पैलवान)

उत्तर: नाही चालणार बाळा, पंच उठवेल आणि वर लोक हुर्यो करतील. आपल्या कुस्तीत चितपट करायचं असतं, सांधा मोडायचा नसतो. डबल रिस्टलॉकचंच घे. एका हातानं त्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून खालून काढायचा आणि स्वतःचंच मनगट पकडायचं, मग त्याचा वाकलेला हात पाठीमागून वर फिरवायचा. कोपर हलत नाही, सगळा ताण खांद्यात जातो आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्युदोवाल्या मासाहिको किमुरानं १९५१ मध्ये ब्राझीलला एलिओ ग्रेसीचा हात यातच मोडला, तेव्हापासून जग त्याला किमुराच म्हणतं. व्हिडिओवर शिकशील तर तालमीतल्याच कुणाचा तरी खांदा काढशील.

उलटं मात्र झालंय. गामा पैलवान १९१० साली लंडनला गेले आणि कॅचच्याच नियमात झ्बिश्कोशी भिडले. तो भला मोठा पोलिश गडी अडीच तासांहून जास्त वेळ पालथा पडून राहिला, पुढच्या आठवड्यात फेरकुस्ती ठरली तर आलाच नाही. १९२८ ला पटियालात परत गाठ पडली तेव्हा गामांनी त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही. त्यामुळं मातीतला माणूस कॅचवाल्याला घाबरत नाही, पण नियम ज्याच्या घरचे त्याचेच पाळायचे.

प्रश्न: मुगा अजून चालू आहे का? आणि फुजिनामीची एकच मॅच बघायची तर कोणती? (नाशिकरोडची एक वाचक)

उत्तर: ताई, २००६ ला त्यानं न्यू जपान सोडून मुगाची स्वतंत्र कंपनी केली आणि २००८ पासून तिचं नाव ड्रॅडिशन, म्हंजे ड्रॅगन अधिक ट्रॅडिशन, ड्रॅगन हे त्याचं टोपणनाव. १९७१ साली पहिल्यांदा रिंगणात उतरलेला माणूस सत्तरी गाठूनही खेळत राहिला. मॅच बघायची तर ८ ऑगस्ट १९८८, योकोहामा, समोर त्याचेच गुरुबंधू म्हणा की मालक म्हणा, इनोकी. साठ मिनिटं, बरोबरीत सुटली. पहिली पंधरा मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडं नको, मनगटांकडं बघा. आणि मिसळ आधी खाऊन घ्या, मध्येच उठलात तर नेमकी ती पकड चुकेल.