सहीसाठी ताटकळू नकोस

अरे, पार्सल पोचवायच्या कामात पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच निम्मा वेळ गिऱ्हाइकाची सही घेण्यात जातो. घाबरू नकोस.

नव्या पोरांची मोठी चूक म्हणजे दारात पोचल्यावर फोन करणं. आधीचं पार्सल देऊन निघतानाच पुढच्याला फोन लाव: "१० मिनिटांत येतोय, सहीला कोण आहे?" गोव्यात दुपारी १ ते ४ बऱ्याच दुकानांची शटरं खाली असतात. ती पार्सलं सकाळीच उरक, दुपारी वेर्ण्याच्या कारखान्यांकडे वळ. तिथे वॉचमनच्या सहीवर भागवू नकोस, स्टोअरचा, म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्या विभागाचा, शिक्का माग. शुक्रवारी म्हापशात बाजार, गाडी लावायलाच जीव जातो.

आणखी दोन गोष्टी:
- गिऱ्हाइकाच्या जागी स्वतः सही मारायची नाही. ओळखीच्या काकी म्हणून मी एकदा मारली. पार्सल मिळालंच नाही अशी तक्रार आली, पैसे माझ्या पगारातून गेले.
- पावसात ओल्या बोटाने स्क्रीनवर सही नीट उमटत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा रुमाल ठेव.

हाका मारूनही कोणी आलं नाही, तर दाराचा फोटो काढ, ॲपात नोंद कर आणि पुढे निघ. रूट लावायच्या युक्त्या महिन्याभराने सांगतो.