पंचगंगेची वही

‘मुलगी हवामान बदलाच्या बातम्या बघून घाबरते, रात्री झोपत नाही. मोबाइल काढून घेऊ का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडं दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येतो. मे महिन्याच्या उकाड्यात कुणी विचारत नाही. कोल्हापुरात या भीतीला आकडा असतो, आणि तो सगळ्या शहराला तोंडपाठ असतो: पंचगंगा नदीची पातळी मोजतात तो राजाराम बंधारा, ३९ फुटांना पुराचा इशारा, ४३ फुटांना धोका.

मुक्ता (नाव बदललंय, घरचे काही तपशीलही) २०२४ च्या जुलैत आली. सहावीत होती. आई दारातच बोलायला लागली, “मॅडम, ही रात्री उठून फ्रीजचं बटण बंद करते. दोनदा दूध नासलं. पप्पांच्या गाडीवर बसत नाही, शाळेला चालत जाते. मोबाइल लपवला तर शेजारच्या काकूंना जाऊन पातळी विचारते.” मुक्ता शेजारी बसून वहीच्या कोपऱ्यांना घड्या घालत होती.

वही मी मागून घेतली. दोनशे पानी, आखीव. तारीख, वेळ, फूट, इंच. ३९ फुटांपर्यंत निळं पेन, पुढं लाल. शेवटच्या रकान्यात राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत तो आकडा. ते दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, माणसाला विचारत नाहीत. मुक्ताला नेमकं तेच खुपत होतं. “कुणी थांबवूच शकत नाही ना मग?” असं तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सहा वर्षांची होती. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे कुटुंब बोटीतून बाहेर पडलं. २०२१ ला पाणी त्याहून थोडं वर चढलं. घरी परतल्यावर भिंतीवर चिखलाची सरळ रेघ होती, तिच्या डोक्याच्या बरीच वर. वडील फ्रीज-एसी दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानातले कॉम्प्रेसर गाळात रुतलेले तिनं पाहिले होते. असल्या मुलीला ‘काही होत नाही गं’ म्हणणं म्हणजे तिला खोटं पाडणं. झालेलं होतं. दोनदा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी तिला ‘आपण काय करू शकतो’ याची यादी करायला सांगितली. झाडं लावू, दिवे बंद करू, प्लास्टिक नको. शाळेत भित्तिचित्रं काढून घेतात तसलीच युक्ती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटली होती. पंधरा दिवसांनी मुक्ता तेवीस कलमं घेऊन आली. प्रत्येकापुढं रोजची बरोबरची खूण. पंखा न लावता झोपणं हे एकोणिसावं कलम होतं. झोप आणखी कमी झाली होती आणि चेहरा उतरला होता.

खरं तर हे मला आधी आठवायला हवं होतं. स्वीडनमधल्या संशोधक मारिया ओयाला यांनी बारा वर्षांच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये लिहिलंय, की जी मुलं या संकटाकडं फक्त ‘मी काय करू’ अशा नजरेनं बघतात ती कामं करतात हे खरं, पण त्यांच्या मनावर ताणही जास्त असतो. चिंता मान्य करून, कुणीतरी विश्वासाची माणसं यावर काम करतायत असं ज्यांना वाटतं, ती मुलं तगतात आणि कामंही करतात. ही चिंता म्हणजे काही मुक्ताचा एकटीचा हळवेपणा नव्हे. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांना विचारलं होतं, त्यात ५९ टक्के जण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय काळजीत होते. मुक्ता तर अकराचीच.

तिसऱ्या भेटीत मी यादी बाजूला ठेवली आणि वीस चिंचोके काढले. सहा चिठ्ठ्या मांडल्या: सरकार, कारखाने-वीजकेंद्रं, महापालिका, आई, पप्पा, मी. म्हटलं, पूर आणि उष्णता कमी करायचं काम ज्याचं जेवढं, तेवढे चिंचोके त्याच्यापुढं ठेव. तिनं फार विचार केला नाही. ‘मी’पुढं अकरा. ‘पप्पां’पुढं नऊ. बाकी चारही चिठ्ठ्या रिकाम्या.

“पप्पांपुढं नऊ का गं?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही त्यांना सांगणार नाही ना?”

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती वडिलांबरोबर एका कामाला गेली होती. जुना एसी उतरवताना वडिलांनी नळीचा नट सैल केला. स्स्स असा आवाज, नळीच्या तोंडावर पांढरा बर्फ, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. तेव्हा तिला गंमत वाटली. पुढं शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना कळलं, की एसीतला गॅस तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, कधी हजारोपट भारी असतो. तेव्हापासून पुराचं पाणी आणि तो आवाज तिच्या डोक्यात एक झाले होते. वडिलांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, धंदा बंद करावा लागेल, म्हणून नऊ महिने ती एकटीच ते भरून काढत होती. फ्रीज बंद करून.

मुलं आपल्यापासून गोष्टी लपवतात त्या पुष्कळदा आपल्याला सांभाळून घेण्यासाठी. ‘मोबाइल काढून घेऊ का’ याचं माझं अर्धं उत्तर इथंच आहे. मोबाइल काढला असता तर आवाज तेवढा राहिला असता. सोबत बसून दिवसातून एकदा पातळी बघा, रात्री नको, एवढं पुरे. पण आधी विचारा, ‘यात तुला सगळ्यात वाईट काय वाटतं?’ आणि मग गप्प बसा. हे दुसरं आपल्याला जड जातं.

मुक्ताची परवानगी घेऊन पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. तिनंच सांगितलं, खाली बघून. मला धास्ती होती ते चिडतील, की ‘पोटापाण्याचं बोलू नको’ म्हणतील. ते हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, “खरं आहे ते. आम्ही सगळेच सोडतो हवेत. घाई असते, गिऱ्हाईक डोक्यावर उभं.”

तेवढ्या एका वाक्यानं मुक्ता ताठ बसली. माझ्या चार भेटींत ती तशी बसली नव्हती.

पुढचं मी सुचवलं नव्हतं, त्यांनाच आठवलं. “मी उमेदवारी करायचो तेव्हा फ्रीजमध्ये आर-१२ गॅस भरायचो. तो ओझोनला भोक पाडायचा. सगळ्या जगानं मिळून बंद केला. आता शोधून मिळत नाही.” मी फक्त सालं जोडली. ओझोनला मारक गॅस बंद करायचा मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा. भारतात फ्रीज-एसीसाठी सीएफसी, म्हणजे आर-१२ सारखे गॅस, २०१० पासून बंद. आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजानं करार असाच पाळला गेला तर ध्रुवांकडचा भाग सोडून बाकी ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० इतका भरून येईल. मुक्तानं विचारलं, “म्हणजे मी किती वर्षांची असेन?” सत्तावीस. तिनं ते वहीत लिहिलं. तिला हवा होता तसला आकडा पहिल्यांदाच मिळाला होता, खाली येणारा.

पुराचं काय, हेही तिनं विचारलंच. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून मुसळधार पाऊस आणखी जोर धरतो, हे मी लपवलं नाही. पण पूररेषेतली बांधकामं, धरणांतून पाणी सोडायच्या वेळा यांचाही त्यात वाटा आहे, आणि ती पप्पांच्या पान्यानं झालेली नाहीत. चिंचोके पुन्हा मांडले. या वेळी सरकारपुढं सहा, कारखान्यांपुढं सहा, महापालिकेपुढं चार, पप्पांपुढं दोन, आईपुढं एक. स्वतःपुढं एक. तो एक काढून घेऊ का असं मी विचारलं, तर तिनं त्यावर बोट दाबून धरलं. तेही बरोबरच आहे. सगळं ओझं उतरवलं की मूल रिकामं होतं, हलकं नव्हे.

घरी दोन गोष्टी ठरल्या. पाणी ३९ फुटांना गेलं की काय करायचं ते कपाटावर चिकटवलं: दप्तर, औषधं, कागदपत्रं माळ्यावर; कॉम्प्रेसर चुलत्यांच्या गोठ्यात. त्यामुळं लाल पेनाला काहीतरी अर्थ आला. दुसरी गोष्ट वडिलांची. हवेत न सोडता गॅस टाकीत ओढून घेणारं रिकव्हरी मशीन त्यांनी तिघा ओळखीच्या मेकॅनिकांबरोबर वर्गणी काढून घेतलं. एसीतला आर-२२ गॅस एक किलो हवेत गेला तर तो शंभर वर्षांच्या हिशोबात अंदाजे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढं तापवतो, म्हणजे पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. हे गणित मुक्तानंच वडिलांना करून दाखवलं. “पोरीनं हिशोबात पकडलं,” असं ते मला फोनवर म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. जोराचा पाऊस आला की ती अजून उठते, आईजवळ येऊन झोपते. तेवढं असू दे. झोप, जेवण, शाळा पंधरा दिवसांहून जास्त बिघडलेली राहिली असती तर मी बालमानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं असतं. तुमच्या गावात कुणी नसेल तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस फोन सेवा १४४१६ वर फुकट आहे.

दिवाळीनंतर मुक्ता वही दाखवायला आली. फूट-इंचाची पानं ऑगस्टअखेर थांबली होती. पुढं नवे रकाने: तारीख, कुठला गॅस, टाकीत किती ग्रॅम. आर-२२, ८५० ग्रॅम. आर-३२, ६२० ग्रॅम. मध्येमध्ये एकेक ओळ कोरी होती. त्या दिवशी विसरलीस का, असं मी विचारलं.

“नाही. तो रविवार. पप्पांना सुट्टी असते, मलापण.”