फंक्शन इनलाइन काहून होत नाही?

प्रश्न: भाऊ नमस्कार, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. विहिरीवरच्या मोटारीच्या कंट्रोलरसाठी सी मध्ये प्रोग्राम केला, त्यात लॉग लिहायचं फंक्शन तीन टिंबवालं आहे, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट घेणारं. त्याले ऑलवेज इनलाइन (म्हणजे कॉल न करता फंक्शनाचा कोड कॉलच्या जागीच टाक, असा हुकूम) लावलं तर जीसीसी हा कंपायलर एररच देते. काहून?

उत्तर: भाऊ, तुमच्या फंक्शनात व्हीए स्टार्ट आहे ना, म्हणजे टिंबांतली आर्ग्युमेंट वाचायले सुरुवात करणारं, ते कॉल करणाऱ्यानं रजिस्टरात अन् स्टॅकवर ठेवलेली आर्ग्युमेंट हुडकते, अन् फंक्शन कॉलरमध्येच विरघळलं तर ती मांडणीच उरत नाही, म्हणून जीसीसी असं फंक्शन इनलाइन करतच नाही. नुसतं इनलाइन लिहिलं असतं तर गुपचूप साधा कॉल झाला असता, ऑलवेज म्हटलं म्हणून अडलं.

मी तर मॅक्रोच करा म्हणीन, म्हणजे कंपाइल व्हायच्या आधीच कोडात आपल्या जागी मजकूर टाकणारं नाव. टिंबवाला मॅक्रो सी 99 पासून, म्हणजे सी भाषेच्या 1999 च्या मानकापासून आहे. लॉग चालू की बंद हे मॅक्रोत तपासा, छापायचं काम साध्या फंक्शनात ठेवा, मग लॉग बंद असला की कॉलच होत नाही, अन् लहान बोर्डावर हेच तर पाहिजे! मॅक्रो नकोच असेल तर जीसीसीचं स्वतःचं बिल्टिन व्हीए आर्ग पॅक आहे, जीसीसी 4.3 पासून, ते टिंबांतलं सगळं जसंच्या तसं पुढच्या फंक्शनाले देते. पण व्हीए स्टार्ट काढावं लागते, अन् क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये हे चालत नाही.