टेक जगातल्या एखाद्या बातमीनं ही माणसं रात्रभर का जागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ आयटीत आहे, टेक जगातली एखादी बातमी आली की ताट तसंच ठेवून लॅपटॉपला चिकटतो, मित्रांशी तावातावानं बोलतो, पहाटेपर्यंत जागतो. घरातलं कुणी आजारी असावं तसं या लोकांना होतं तरी काय?

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि तुमच्या भावाच्याच जातकुळीतला आहे. नवा फोन आला, अमक्या कंपनीनं तमकी विकत घेतली, अशा बातम्यांवरचे वाद सोडून द्या. ते मॅचच्या गप्पांसारखे असतात, दोन दिवसांत विरतात. जागरण करायला लावणाऱ्या बातम्या वेगळ्या. त्यातली एकच सांगतो, कारण त्या रात्री मी स्वतः जागा होतो.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची सुट्टी. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस. त्यानं सुरक्षेच्या एका सार्वजनिक ईमेल-यादीवर पत्र टाकलं की एक्सझेडमध्ये चोरदरवाजा आहे. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं साधन. झिपचा भाऊ म्हणा. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, पण लिनक्सवर (विंडोजसारखीच मशीन चालवणारी प्रणाली) चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर ते असतं आणि बँका, रेल्वे, इस्पितळं यांचे असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात.

त्याला हे सापडलं कसं ते ऐका. तो आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होता. मोजमाप अचूक यावं म्हणून मशीनवर दुसरं काही चालू नको होतं. तरी एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायचं दार, उगाच प्रोसेसर खात होतं. लॉगिनला ०.३ सेकंद लागायचे, तिथे ०.८ लागत होते. अर्धा सेकंद! माझ्यासारख्यानं नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. कुकरची शिट्टी उशिरा झाली की आईला स्वयंपाकघराबाहेरूनही कळतं ना, तसा त्याचा कान तयार होता. काही आठवड्यांपूर्वी तपासणीच्या सॉफ्टवेअरनं दाखवलेली एक विचित्र तक्रारही त्याला आठवली. माग काढत तो एक्सझेडच्या लायब्ररीपाशी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरही वापरतात त्या तयार कोडपाशी, पोचला. फाइल दाबण्याचा आणि दार उघडण्याचा संबंध तसा बादरायणच. पण डेबियनसारख्या काही लिनक्सवर एसएसएच दुसऱ्या एका लायब्ररीमार्फत एक्सझेडशी जोडलेलं होतं आणि घुसखोरानं नेमकी तीच वाट धरली होती.

मी ते पत्र फोनवर वाचलं आणि पोटात गोळा आला. आधी ऑफिसचे सर्व्हर पाहिले. सगळ्यांवर जुनी ५.२.५ आवृत्ती, जिवात जीव आला. मग घरचा लॅपटॉप उघडला. त्यावर मी हौसेनं डेबियनची टेस्टिंग शाखा, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती, चालवतो. तिथे आकडा दिसला ५.६.०. बाधित आवृत्त्या दोनच होत्या, ५.६.० आणि ५.६.१. बायको म्हणाली, "ऑफिसचं काही झालंय का?" मी म्हटलं, "अजून कळत नाहीये." खरंच कळत नव्हतं. माझा लॅपटॉप बाहेरच्या जगाला उघडा नव्हता, तरी मी त्यावरच्या लॉगिनच्या सगळ्या चाव्या बदलल्या. डेबियननं घाईनं जुना कोड परत आणला, पण नव्या आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून त्या आवृत्तीचं नाव पडलं "५.६.१+रियली५.४.५". ते नाव स्क्रीनवर दिसेपर्यंत मी झोपलो नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. त्या रात्री जगभर आमच्यासारखी माणसं काय करत होती? कुणी चोरकोडचे तुकडे सुटे करून तो काय करतो ते पाहत होतं. कुणी लोकांसमोरचा कोड आणि वाटलेलं पॅकेज ओळीला ओळ लावून ताडत होतं, कारण विषाची ओळ फक्त पॅकेजमध्ये घातली होती. खुद्द चोरकोड चाचणीच्या फाइलींत लपवला होता. साधन मोडक्या फाइली नीट ओळखतं का हे तपासायला मुद्दाम खराब फाइली ठेवतात. त्यातल्या एकीच्या पोटात हा माल बाहेर काढणाऱ्या सूचना होत्या आणि खुद्द माल चांगली म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या चाचणी-फाइलीत. खराब म्हणूनच ठेवलेली फाइल कोण कशाला उघडून पाहील?

मला सगळ्यात हादरवलं ते एका टिंबानं. संरक्षणाची एक व्यवस्था मशीनवर आहे का, हे पाहणारा छोटा तुकडा कोडमध्ये होता. त्यात एका ओळीच्या सुरुवातीला एकटंच पूर्णविरामाचं टिंब होतं. त्यामुळे ती तपासणी दर वेळी नापास व्हायची आणि संरक्षण गुपचूप बंद राहायचं. स्क्रीनवरची धूळ समजून नख लावून पाहावं एवढंसं टिंब. आपल्या मशीनमध्ये असं आणखी कुठे काय असेल, या विचारानं तुमचा भाऊ जागा असतो. बातमी दूरची वाटते, पण जे फुटलं ते त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्येही असतं.

याची दुसरी बाजू मात्र मला बोचते, तीही सांगायला हवी. हा कोड घालणारं खातं "जिया टॅन" या नावाचं. २०२१ पासून ते इमानेइतबारे मदत करत होतं. एक्सझेडचा मूळ कर्ता लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात हे सांभाळणारा. २०२२ मध्ये काही खाती त्याच्या मागे लागली: कामं रखडतात, तुम्हाला रस उरला नाही, दुसऱ्याला सोपवा. त्यातल्या एका खात्याचं नाव होतं "जिगर कुमार". अगदी आपल्याकडचं वाटणारं. कॉलिननं उघडपणे लिहिलं होतं की त्याची मानसिक प्रकृती बराच काळ बरी नाही आणि हे काम हौसेचं आहे. तरी रेटा थांबला नाही. शेवटी जिया टॅनच्या हाती किल्ल्या गेल्या. ही तगादा लावणारी खाती बनावट असावीत असं आज बहुतेक जाणकार मानतात. जिया टॅन कोण, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

तेव्हा कुणाला शंका का आली नाही? कारण आम्ही सगळे तसेच बोलतो. ती अधीर, हक्कानं दटावणारी भाषा घुसखोरानं आमच्याकडूनच उचलली. त्या शनिवारी मी माझे जुने ईमेल चाळले. २०१९ मध्ये एका लहानशा साधनाच्या कर्त्याला मी लिहिलं होतं, "दोन महिने झाले, प्रोजेक्ट चालू आहे की बंद?" त्याचं साधन मी तीन वर्षं फुकट वापरत होतो. त्याच दिवशी त्याला माफीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं, एका ओळीचं: मुलगी झाली होती, तेव्हा वेळ मिळत नव्हता.

आणि बातमी फुटल्यावर पहिल्या काही तासांत कॉलिनवरही लोक तुटून पडले होते. ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता येणारा कोड, हाच धोका, नाही, ओपन सोर्समुळेच वाचलो, कोड टाकल्याच्या वेळांवरून हा अमक्या देशाचाच हात, असं सगळं चालू होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे आमच्यात पुष्कळ आहेत. तुमचा भाऊ जेव्हा तावातावानं भांडतो, तेव्हा तो यांच्यात असू शकतो. गप्प बसून काळ्या स्क्रीनवर काही टाइप करत असेल, तर तो दुसऱ्या पंगतीतला. त्या वेळी त्याला फक्त चहा द्या, प्रश्न नंतर विचारा.

दोन महिन्यांनी, २९ मे २०२४ ला, कॉलिननं चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती स्वतःच्या नावानं आणली. माझ्या लॅपटॉपवर ती आली त्या दिवशी मी त्याला आभाराचं पत्र लिहिलं.

तुम्ही भावाला एकदा विचारून बघा, एक्सझेडच्या रात्री तू कुठे होतास. तो बहुधा तारीख न विचारताच सांगायला लागेल.