जावा २५ आल्यावर नवशिक्यांना ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ शिकवायचे की नाही?

शिकवायचे, पण पहिल्या दिवशी मुळीच नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ या आवृत्तीत क्लास, म्हणजे कोड ज्यात ठेवतात तो साचा, न लिहिता नुसत्या ‘व्हॉइड मेन’वर प्रोग्राम चालतो, मग क्लास आणि प्रोग्राम जिथून सुरू होतो ती ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ, ही जुनी चौकट कशाला, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे.

जावा हीच पहिली भाषा असलेल्या मुलांना मी शिकवते. काही वर्षांपूर्वी पहिल्याच प्रात्यक्षिकाला एका मुलीने फळ्यावरच्या पाच ओळी वहीत उतरवल्या, ‘स्टॅटिक’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “मॅडम, याचा अर्थ काय?” मी म्हणाले, “सध्या पाठ कर, पुढे कळेल.” पुढे माझ्याकडून तो विषय राहूनच गेला. तोंडी परीक्षेत बहिस्थ परीक्षकांनी नेमके तेच विचारले, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडमनी पाठ करायला सांगितलं होतं.” तिचे गुण गेले; चूक मात्र माझी होती.

त्यानंतर मी विभागात सुचवले की, आधी व्हेरिएबल, लूप आणि मेथड (नाव देऊन हवे तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) शिकवाव्यात आणि मेनच्या ओळीचा अर्थ ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनवलेली वस्तू) शिकवून झाल्यावर सांगावा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते उडवून लावले. पाठांतराने शिस्त लागते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. ऑब्जेक्ट न बनवता बोलावता येणारी मेथड म्हणजे स्टॅटिक. ज्याला ऑब्जेक्टच ठाऊक नाही, त्याला ही व्याख्या कशी कळणार? जावा घडवणाऱ्यांनीही हीच अडचण ओळखली, २०२३ च्या जावा २१ पासून हा बदल चाचणीसाठी खुला ठेवला आणि २५ मध्ये तो कायम केला. सहकाऱ्यांनी हे अवश्य वाचावे. शिवाय यात शिकलेले काही पुसावे लागत नाही, कारण क्लास पडद्याआड कंपायलर, म्हणजे आपल्या कोडचे संगणकासाठी भाषांतर करणारा प्रोग्राम, तयार करतोच. प्रोग्राम वाढला की तोच मजकूर आपण लिहिलेल्या क्लासमध्ये ठेवायचा.

मात्र प्रयोगशाळेतील संगणकांवर जावा ८ असेल, तर यातले काहीच चालणार नाही, आणि नोकरीत जुन्या चौकटीतला कोड वाचावाच लागतो. म्हणून क्लास आणि ऑब्जेक्ट झाल्यावर, परीक्षेच्या पुरेसे आधी, ती ओळ शब्दाशब्दाने उलगडून शिकवावी.