थांबवायची जागा दातांच्या आधी

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून नखं खाते. तीनदा 'एकवीस दिवसांचा संकल्प' केला. दरवेळी आठ-दहा दिवस नीट जातात, मग एकदा हात तोंडात गेला की मुसळ केरात. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : जिद्दीला दोष देऊ नका हो. आधी ते एकवीस दिवस डोक्यातून काढून टाका. 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की, रुग्णांना स्वतःचा बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं आणि तो सगळ्याच सवयींचा नियम होऊन बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी 2009मध्ये 96 जणांचा अभ्यास मांडला. त्यात नवी सवय मुरायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तुमच्यासाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मीही वर्षानुवर्षं नखं खाल्ली आहेत. स्वतःवर नजर ठेवली तेव्हा कळलं, दातांचं काम फार उशिरा सुरू होतं. आधी अंगठा हळूच बाकीच्या नखांच्या कडांवरून फिरतो, कुठे काही टोचतंय का ते चाचपतो. बारीकसा कंगोरा लागला की मगच हात वर जातो. अडवायचं ते तिथे, अंगठा फिरत असताना. हात ओठांशी पोचल्यावर फार उशीर झालेला असतो.

तेव्हा पहिले चार दिवस सोडायचा प्रयत्नही करू नका. अंगठा कधी फिरला, तेव्हा तुम्ही काय करत होता, एवढंच लिहून ठेवा. पाचव्या दिवसापासून अंगठा हलला की मूठ घट्ट वळा आणि एखाद-दोन मिनिटं तशीच धरा. ॲझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973मध्ये अशाच सवयींवर ही रीत मांडली. आजही ती वापरतात. शिवाय नेल फायलर कायम हाताशी असू द्या, कंगोराच राहिला नाही तर अंगठ्याला सापडणार काय? बोटं सुजत असतील, पू होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

दहाव्या दिवशी हात तोंडात गेलाच, तर दुसऱ्या दिवशी अकरावाच दिवस मोजा. आणि नोंदी मला पाठवा. अंगठा आधी कुठल्या बोटाकडे जातो, तेही लिहा. माझा डाव्या करंगळीकडे जायचा.